मंजुळाअक्कांची लाल पट्टी

विजेच्या विमानांवर उड्डाण शिकवणाऱ्या एका कंपनीचं नवं माहितीपत्रक माझ्यासमोर आहे. जाड, गुळगुळीत कागद. तिसऱ्या पानावर पांढरंशुभ्र विमान, त्याच्या पंख्याच्या पात्याला बांधलेली लाल फीत, आणि खाली एक ओळ: 'सुरक्षितता आमच्या रक्तात आहे.'

कुणाच्या रक्तात, ते लिहिलेलं नाही.

मी स्वतः सोळाव्या वर्षापासून पत्रकं काढते. झाडांसाठी काढली, तलावांसाठी काढली, बुवाबाजीविरुद्ध काढली. पत्रकात काय लिहायचं यापेक्षा काय गाळायचं यावर जास्त वेळ जातो, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे या पानावरून एक नाव गाळलंय हे मला पहिल्या नजरेत दिसलं. ते मी इथे लिहिते. मंजुळा इंगळे. मंजुळाअक्का. ही फीत त्यांची.

अक्का साठीला आल्या होत्या. बुटक्या, रुंद मनगटाच्या. पांढरा शर्ट, खाकी पँट आणि अंबाड्यावर अबोलीचा गजरा. हेडसेट चढवला की गजरा चपटा व्हायचा. खाली उतरल्यावर त्या आधी तो बोटांनी फुलवायच्या आणि मगच विद्यार्थ्याच्या चुका सांगायला लागायच्या. गजऱ्याला जितका वेळ लागेल तितकं आपलं बिघडलंय, असं आम्ही समजायचो.

चिकपेटात त्यांच्या भावाचं लुगड्यांचं घाऊक दुकान आहे. अक्का त्याच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. घराणं साडेतीनशे वर्षं याच कन्नड गावातलं. आमचंही तसंच. त्यामुळे आम्हां दोघींचं मराठी एकमेकींना लगेच ओळखू आलं: मधे कुठेतरी कन्नड 'स्वल्प' म्हणजे जरा, शेवटी 'सरी' म्हणजे ठीक. सर्जापूर रोडवरून येणारे पुण्याचे कंप्यूटरवाले विद्यार्थी त्यांच्याशी अर्ध्या इंग्रजीत बोलत. अक्का उत्तर द्यायच्या ते आमच्याच मराठीत, आणि समोरच्याचा चेहरा कोराच राहिला तर त्याचा हात धरून लिव्हरवर ठेवायच्या.

मी एकदा विचारलं होतं, "अक्का, तुम्ही विमानात कशा शिरलात?"

"दारातून."

चरित्र म्हणून मला एवढंच मिळालं.

वीस-बावीस वर्षं पेट्रोलच्या विमानांत शिकवून त्यांचा डावा कान गेला होता. ते त्यांनी कधी लपवलं नाही. दर तपासणीत त्याची नोंद व्हायची आणि उजव्या कानाच्या जोरावर उडायचा दाखला मिळायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मी तिथे कशी, तेही थोडक्यात. धावपट्टीच्या टोकाला एक सरकारी शाळा आहे. पेट्रोलची विमानं तिच्या छपरावरून इतक्या खालून जायची की शिकवणाऱ्या बाई वाक्य अर्धवट सोडून थांबायच्या आणि मुलं कानांवर हात ठेवायची. त्या पेट्रोलात शिसं असतं. ते मुलांच्या डोक्यावर का सांडता, असं विचारत आमची समिती दोन वर्षं त्या फाटकावर उभी होती. शेवटी कंपनीनं विजेवर चालणारी दोन विमानं आणली. मी पत्रक काढलं: 'आवाज नाही. धूर नाही. धोका नाही.' पहिली दोन वाक्यं खरी होती. तिसरं मी लयीसाठी घातलं.

मग कंपनीनं आमच्या समितीला उड्डाण शिकायची एक जागा देऊ केली. तोंड बंद करायला देताहेत हे कळत होतं. तरी मी गेले. आत शिरून बघायला हवं, असं समितीला सांगितलं. खरं म्हणजे मला उडायचं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी धुकं होतं. हँगरच्या बाहेर विमान उभं होतं आणि त्याच्यासमोर, पण जरा बाजूला, अक्का. हात पाठीशी बांधलेले. मी जवळ गेले तेव्हा त्या हळू आवाजात बोलत होत्या.

"जागी आहेस का गं?"

मला वाटलं, मला विचारताहेत. "हो, केव्हाची."

"तुला नाही. स्वल्प थांब."

त्या थांबल्या. मीही. झोपलेल्या बाळाच्या खोलीत डोकावून आपण जसे श्वास धरून उभे राहतो, तशा त्या उभ्या होत्या. धुक्यातून कुठेतरी पाणी टपकत होतं. मग त्यांनी "सरी" म्हणून मान हलवली आणि पंख्याच्या पात्याला बांधलेली लाल पट्टी सोडली. हातभर लांब, दुकानातल्या इरकली लुगड्याच्या काठाची. तिच्या एका टोकाला विमानाची किल्ली शिवून टाकलेली होती.

"हे बघ पत्रकबाई," त्या म्हणाल्या. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. "पेट्रोलचं विमान जागं असलं की ओरडतं, हलतं, धूर काढतं. आंधळ्यालाही कळतं. ही तशी नाही. ही जागी असली तरी पंखा उभाच. दिवा बघायला आत डोकावावं लागतं. लिव्हरला नुसतं बोट लागलं की पंखा फिरला. म्हणून किल्ली पट्टीला आणि पट्टी पंख्याला. पट्टी दिसली तर ही झोपलेली. दिसली नाही तर जागी. मग समोरून जायचं नाही, मी असले तरी नाही, देव आला तरी नाही. कळलं?"

"कळलं. पण मग तिला विचारता कशाला?"

"विचारावं."

"कधी उत्तर आलंय?"

अक्कांनी पट्टी मनगटाला गुंडाळली. "येत नाही तोवर बरं आहे की गं."

त्या हसल्या नाहीत. मी हसले. अंधश्रद्धेविरुद्ध मी किती पत्रकं काढली आहेत हेही त्यांना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "छान. आता आत बस."

ते विमान मला कधी आवडलं नाही, हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. त्याच्या बाजूनं मी शहरभर पत्रकं वाटली होती. पण हँगरमधला काळू नावाचा कुत्रा, जो पेट्रोलच्या विमानाच्या चाकाला टेकून झोपायचा आणि इंजिन लागलं की स्वतःहून उठून जायचा, तो या पांढऱ्या विमानाच्या दहा पावलं अलीकडेच थांबायचा. विमान झोपलेलं असलं तरी. सकाळी चार्जिंगला लावलेलं असताना त्याच्या पोटातून मधूनच गुळगुळ आवाज यायचा. बॅटरी थंड ठेवणाऱ्या पाण्याचा तो आवाज, मेकॅनिक नागराजअण्णांनी मला नकाशा काढून समजावलं होतं. अक्का म्हणायच्या, "घोट घेते." आणि नकाशा डोक्यात असूनही मला दर वेळी घशातून उतरलेला घोटच ऐकू यायचा.

शाळेतल्या मुलांनी त्याला नाव ठेवलं होतं: देव्वा विमान. म्हणजे भूत-विमान. मी चिडून बाईंकडे गेले. आम्ही यासाठी दोन वर्षं भांडलो का? बाई म्हणाल्या, "पेट्रोलचं जायचं तेव्हा मुलं कान झाकायची आणि खेळत राहायची. हे जातं तेव्हा खेळ थांबतो. काही ऐकू येत नाही, आधी सावली येते. सगळी एकदम वर बघतात. मीसुद्धा बघते."

अक्कांची शिकवण्याची रीत सरळ होती, ती म्हणजे न सांगता फसवायचं. जुने शिक्षक हवेत असताना अचानक इंजिनची ताकद काढून घेतात आणि आता उतरवून दाखव म्हणतात. पेट्रोलच्या विमानात ते लगेच कळतं, कारण आवाज पडतो. विजेच्या विमानात मुळात आवाजच इतका कमी की पडला तरी हेडसेटमधून कळत नाही.

एकदा मी विमान चालवता चालवता त्यांना शाळेभोवती किती मोकळी जागा सोडायला हवी यावर भाषण देत होते. अक्का "हं, हं" करत होत्या. खाली बांधकामांचे पिवळे क्रेन, काचेच्या इमारती, मधे एक हिरवट तळं. माझा तिसरा मुद्दा संपत आला होता.

"छान बोलतेस," अक्का म्हणाल्या. "पण जमीन वर यायला लागलीय. तिच्याविरुद्ध पण एक पत्रक काढून ठेव."

मी समोर पाहिलं. पंखा थांबलेला होता. नाकासमोर एक काळं पातं, दारावर आडणा घातल्यासारखं. अक्कांचा हात लिव्हरवर, लिव्हर पूर्ण मागे.

"कधीपासून?"

"तुझ्या पहिल्या मुद्द्यापासून."

अक्कांनी माझ्या कानावरून हेडसेट थोडा सरकवला. "ओरडू नको. ऐक. पायानं ऐक, पाठीनं ऐक. कानाचं काम संपलं आता."

मग मला ते ऐकू आलं. काचेवरून घासत जाणारा वारा, आणि वाऱ्याच्या खालून वर येणारं गाव. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. एक स्कूटर. कुणीतरी कुणाला तरी "बा इल्ली", इकडे ये, म्हणून हाक मारलेली. इतकं स्पष्ट की मला वाटलं, हाक मारणारी माझ्या मागे बसली आहे. आम्ही त्यांच्या डोक्यावर होतो आणि त्यांच्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं. चोरून ऐकत असल्यासारखी मला शरम वाटली.

"आता शाळेची घंटा," अक्का म्हणाल्या.

घंटा झाली.

ठरलेल्या वेळी होणारी घंटा ती, त्यात काय? पण त्या पुढे म्हणाल्या, "आता कुत्रं रडेल," आणि ते रडलं. मी खाली उतरल्यावर जाब विचारला. अक्का गजरा फुलवत होत्या. त्या दिवशी बराच वेळ फुलवत होत्या.

"उजवीकडं बसते ना मी. डावा कान तुझ्याकडं. तुझं भाषण त्या बाजूला पडतं. दुसरा मोकळाच असतो."

हे उत्तर मी स्वीकारलं. त्यात कुत्र्याचा खुलासा नव्हता, हे घरी गेल्यावर लक्षात आलं.

एकदा त्यांच्याबरोबर चिकपेटातून चालत गेले होते. खांद्याला खांदा लागेल अशी गर्दी, हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे. अक्का मधेच थबकायच्या. विजेवर चालणारी एखादी रिक्षा बाजूला उभी असायची, ड्रायव्हर फोनवर. अक्का तिच्या समोरून न जाता मागून वळसा घालायच्या. लिफ्टपुढेही तशाच, बंद मिक्सरपुढेही तशाच. दुकानात भाऊ गल्ल्यामागे डोळे मिटून बसले होते. अक्कांनी त्यांच्याकडे वाकून विचारलं, "जागा आहेस का रे अण्णा?" भाऊ डोळे न उघडता म्हणाले, "हिला लहानपणापासून ही खोड आहे. आमचे वडील वारले तेव्हा सगळ्यांच्या आधी हिनंच विचारलं होतं. उत्तर आलं नाही तेव्हा आम्हांला कळलं."

अक्कांनी ते ऐकलं नाही. भाऊ त्यांच्या डाव्या बाजूला होते.

दसऱ्याच्या आयुधपूजेला हँगरमध्ये कोहळा फोडायचा घाट घातला गेला. मी विरोध करायला कागद घेऊनच गेले होते. पण माझ्या आधी अक्काच ओरडल्या, "कोहळा नको, घसरून कुणाचं तरी माकडहाड मोडेल. चाकाखाली लिंबूही नको." मी खूश झाले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर लाल पट्टीवर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं.

"अक्का, हे काय?"

"माझ्या वडलांच्या दुकानातला काठ आहे. सणाला त्याला कुंकू लावते. तुझं काय जातं?"

माझं जात होतं. मला त्या क्षणापासून पट्टीवर किल्ली दिसेनाशी झाली आणि फक्त कुंकू दिसायला लागलं. पुढे जे झालं ते इथून सुरू झालं, म्हणून मी हे लिहून ठेवते.

मागच्या हिवाळ्यात शाळेच्या मुलांना विमान दाखवायला आणायचं ठरलं. कल्पना माझीच. भूत-विमान म्हणणाऱ्या मुलांना ते हात लावून बघू दे, भीती जाईल. कंपनीचा जाहिरात बघणारा माणूस कॅमेरा घेऊन आला. चाळीसेक मुलं रांगेत उभी राहिली. विमान हँगरबाहेर, पंख्याला पट्टी. अक्का हँगरच्या दारात आमच्याकडे पाठ करून नागराजअण्णांशी बोलत होत्या. मधे सहज पन्नास पावलं.

जाहिरातवाला म्हणाला, "मॅडम, हे लाल फडकं फोटोत फारच वाईट दिसतंय. कुंकू वगैरे. इलेक्ट्रिक एअरक्राफ्ट आहे, लोकांना वाटेल आम्ही पूजाच करतो."

मला पट्टीचा अर्थ माहीत होता. पहिल्या दिवशी मला तो समजावून सांगितलेला होता, आणि मी 'कळलं' म्हटलं होतं. हे मी चौकशीत सांगितलं, इथेही सांगते. मला माहीत होतं. पण समोर चाळीस मुलं होती, पट्टीवर कुंकू होतं, आणि मी दहा वर्षं ज्या गोष्टीविरुद्ध लिहिते आहे ती मला यंत्राच्या नाकावर बांधलेली दिसत होती. मी पट्टी सोडली. किल्लीसकट विमानाच्या सीटवर टाकली. मुलांना म्हटलं, "या, हात लावा. बघा, काही आवाज आहे? नाही. म्हणजे बंद आहे. घाबरायचं काय?"

भाग्या नावाची सहावीतली मुलगी सगळ्यांत पुढे होती. तिनं पात्यावर दोन्ही हात ठेवले. थंडगार आहे, असं ती मैत्रिणींना कन्नडात सांगत होती. तेवढ्यात जाहिरातवाला दोन मुलांना घेऊन आत बसला होता. त्यानं मुलांना दाखवायला किल्ली लावली. पडदा उजळला, मुलं "ओ" म्हणाली. ते "ओ" मी ऐकलं. बाकी ऐकण्यासारखं काही झालंच नाही. पंखा तसाच उभा होता. भाग्याचे हात तसेच पात्यावर होते. काळू कुठेतरी लांब उठून उभा राहिला.

आणि अक्का वळल्या.

पाठमोऱ्या होत्या, डावा कान आमच्याकडे होता, पन्नास पावलं लांब होत्या. कुणी हाक मारली नव्हती. त्या वळल्या आणि पळत सुटल्या. साठीची बाई तशी पळताना मी कधी पाहिली नव्हती. ओरडल्या नाहीत. त्यांनी मुलीला कमरेत धरून मागे फेकलं, आणि त्याच वेळी आत बसलेल्या एका पोराचा गुडघा लिव्हरला लागला.

पंखा क्षणभर फिरला आणि थांबला. आवाज आला तो टाळी वाजल्यासारखा, एकच. मग शांतता. भाग्या जमिनीवर बसून रडायला लागली, तिला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. अक्का उभ्या होत्या. उजव्या हाताकडे बघत होत्या. तीन बोटं नव्हती.

त्या विमानाकडे वळून म्हणाल्या, "सरी, सरी. झोप आता."

हॉस्पिटलात मी तिसऱ्या दिवशी गेले. त्याआधी धीर झाला नाही. अक्का खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या. गजरा नव्हता. मी म्हटलं, "अक्का, पट्टी मी सोडली."

"ठाऊक आहे. तुझी गाठ सोडायची पद्धत घाणेरडी. टोक फाटलंय."

"तुम्ही वळलात कशा? तुम्हांला कसं कळलं?"

त्यांनी खिडकीकडून तोंड वळवलं. मग अगदी साध्या आवाजात, दूध आलं का सांगावं तशा म्हणाल्या, "इतकी वर्षं विचारत होते. त्या दिवशी मी विचारलं नव्हतं, तरी उत्तर आलं."

"काय आलं?"

"जागी आहे, म्हणाली."

"कुठल्या कानात?"

अक्कांनी डाव्या कानाला हात लावला.

माझ्यासारखीनं असलं काही लिहू नये. मी त्यावर विचार केला आहे. मुलांचं "ओ" त्यांना ऐकू गेलं असेल, काळू उठलेला दिसला असेल, नागराजअण्णांच्या चष्म्यात काही चमकलं असेल. यातलं काहीही झालं असेल. अक्कांनी जे सांगितलं ते मी फक्त लिहिते.

चौथ्या दिवशी कंपनीच्या व्यवस्थापकानं मला बोलावलं. टेबलावर टाइप केलेला जबाब तयार होता. शिक्षिकेनं पट्टी बांधली नव्हती. शिक्षिकेला एका कानानं ऐकू येत नाही. विमान चालू असल्याचं तिच्या लक्षात आलं नाही. खाली माझ्या सहीसाठी जागा.

"ऐकू येत नाही?" मी म्हटलं. "ऐकण्यासारखं होतं काय? दोन्ही कान धड असलेली चाळीस मुलं आणि मी पंख्याला टेकून उभे होतो. कुणाला ऐकू आलं?"

तो चिडला नाही. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "बघा, तुम्ही या विमानांसाठी लढलात. आता पेपरात आलं की ही विमानं धोक्याची आहेत, तर आम्ही ती परत करू. पेट्रोलची आहेतच हँगरमध्ये. उडतील पुन्हा. शाळेवरूनच. त्या बाईंची नोकरी तशीही दोन वर्षांत संपणार होती."

लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे मी कागद घरी घेऊन आले. दोन दिवस तो माझ्याकडे होता. एका बाजूला चाळीस मुलांची फुप्फुसं आणि दुसऱ्या बाजूला एका म्हाताऱ्या बाईचं नाव, असा हिशेब मी मांडत होते. पत्रकातला हिशेब. त्यात आपलं नाव आपोआप गळून जातं, हे त्याचं सुख. तिसऱ्या दिवशी मी अक्कांकडे गेले आणि सगळं सांगितलं. शाळेचंही.

"सही करू का म्हणून विचारायला आलीस?"

मी पिशवीतून कागद काढला.

"माझा दाखला आता मिळणार नाही. हात असा. ते गेलंच." त्यांनी बँडेज बांधलेला हात उशीवर ठेवला. "पण मी पट्टी बांधली नव्हती असं कागदावर गेलं, तर उद्या सगळे काय म्हणतील? बाईचा दोष होता, बाई गेली, झालं. मग पट्टी कोण बांधणार? माझं नाव राहू दे बाजूला. पट्टी होती असं लिही. ती सोडली म्हणून झालं असं लिही. कुणी सोडली ते लिही. शाळेसाठी पुन्हा फाटकावर उभी राहा, तुला येतं ते."

मी चौकशी अधिकाऱ्यांना स्वतःच्या हातानं चार पानं लिहून दिली. पहिलं वाक्य होतं: पट्टी मी सोडली. समितीतले काही जण आजही माझ्याशी बोलत नाहीत. विमानं परत गेली नाहीत. ती धमकी पोकळ होती. अहवालात अक्कांवर दोष आला नाही. प्रत्येक विमानाला लाल पट्टी आणि तिलाच किल्ली, हा नियम झाला. कंपनीनं इरकली काठाऐवजी नायलॉनची फीत आणली आणि तिचा फोटो माहितीपत्रकात छापला.

अक्कांचा दाखला आला नाही. त्यांना धावपट्टीच्या आत सोडणंही बंद झालं. बाहेरच्यांना परवानगी नाही, म्हणे.

मी शिकणं सोडणार होते. अक्कांनीच नागराजअण्णांकरवी निरोप पाठवला: अर्धं शिकलेलं सगळ्यांत वाईट. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नव्या शिक्षकानं मला पहिल्यांदा एकटीला सोडलं. शेजारची सीट रिकामी. मी वर गेले, वळले, शाळेच्या बाजूनं उतरायला आले आणि लिव्हर मागे ओढला. पंखा समोर उभा राहिला. वारा घासायला लागला, आणि त्याखालून गाव वर आलं.

कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला पेरूची हातगाडी होती. तिच्याशी एक बुटकी बाई साडीत, माझ्याकडे पाठ करून, डाव्या हातानं पेरू निवडत होती. अंबाड्यावर काहीतरी केशरी. मी तिच्या मागून, तिच्या डाव्या बाजूनं येत होते. सावली अजून तिच्यापर्यंत पोचली नव्हती. तिनं वळून न बघता उजवा हात वर केला. दोन बोटांचा.

चाकं टेकली. मी विमान हँगरसमोर आणून उभं केलं, किल्ली काढली, खाली उतरले, मागून वळसा घालून पुढे आले. नायलॉनची फीत हातात होती. नव्या शिक्षकांसमोर, नागराजअण्णांसमोर, मला कसलाही संकोच वाटला नाही.

"जागी आहेस का गं?"

मी थांबले. पोटातून पाण्याचा एक घोट उतरला आणि मग काही नाही. लांब कुंपणापलीकडे अक्का आता आमच्याकडे तोंड करून उभ्या होत्या, पेरूची पिशवी कोपरात, डोकं जरा डावीकडे कललेलं. त्यासुद्धा थांबल्या होत्या. एवढ्या लांबून माझा आवाज पोचणं शक्य नव्हतं.

मग त्यांनी मान हलवली, सरी म्हणताना हलवायच्या तशी, आणि बस स्टॉपच्या दिशेनं निघाल्या. स्टॉपशी एक विजेवर चालणारी बस उभी होती. अक्का तिच्या समोरून गेल्या नाहीत. मागून वळसा घालून गेल्या.

मी फीत बांधली.